‘बसविणे’ आणि ‘बसणे’ : चाकाच्या क्रोमकामानंतरची ब्रेक-जोडणी व तिची भाषा

‘ब्रेक लावला, पण लागला नाही’ हे वाक्य मराठी मनुष्य सहज उच्चारतो आणि ऐकणाऱ्यालाही त्यात परस्परविरोध जाणवत नाही. वास्तविक ‘लावणे’ हे ‘लागणे’चे प्रयोजक रूप मानले, तर लावलेली वस्तू लागलीच पाहिजे. मराठीचा व्यवहार मात्र तसा नाही. लावणे हे कर्त्याच्या हातचे, लागणे हे वस्तूच्या स्वाधीनचे, असा एक भेद या जोडीत वावरत असतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोजक क्रियापदांची चर्चा आहे आणि ती पदव्युत्तर वर्गांत शिकविलीही जाते, परंतु वर्गात हा भेद एखाद्या उदाहरणाने आटोपतो. कारागिराच्या कामात त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो. मोटारसायकलचे चाक क्रोम करून आणल्यावर त्यात ब्रेकचे भाग पुन्हा जोडावयाचे, हे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या कामात भागांची नावे जवळजवळ सगळी परकी आहेत, आणि काम साधले की फसले हे सांगणारी क्रियापदे जवळजवळ सगळी मराठी आहेत.

हे काम कोठे चालते त्यावर त्याचे गांभीर्य ठरते. अहमदनगर जिल्ह्यातील (२०२४ पासून अहिल्यानगर) अकोले तालुक्यात राजूर हे कोल्हार-घोटी रस्त्यावरील बाजाराचे गाव आहे. जालना जिल्ह्यातील गणपतीच्या राजूरशी त्याचा घोटाळा करू नये. भोवती महादेव कोळी आणि ठाकर यांच्या वस्त्या, डोंगरउतारावरची भातखाचरे, आणि वर्षातून एकदा भरणारे डांगी जनावरांचे प्रदर्शन, ही या गावाची ओळख. पश्चिमेस भंडारदरा व घाटघर हा अतिवृष्टीचा पट्टा. पूर्वेस अकोल्याकडे जाताना विठा घाटाची उतरण. वाडी-वस्तीपर्यंत जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारसायकल हेच आता सर्वांच्या उपयोगाचे वाहन. तेव्हा येथील चाकाला दोन गोष्टींना तोंड द्यावे लागते : पाण्याला आणि उताराला. पाण्याने क्रोम जाते म्हणून चाक मुलाम्यास पाठवावे लागते. आणि ते परत आल्यावर जोडणीत जी चूक राहिली असेल ती उतारावर उघडकीस येते.

क्रोम केलेली रिंग हा मोटारसायकलच्या एका मोठ्या कालखंडाचा विशेष होय. मद्रासची बुलेट (१९५५ पासून), म्हैसूरला १९६१ ते १९९६ पर्यंत निघालेल्या जावा व येझदी, आणि महाराष्ट्राच्या खेड्यांत दूधवाल्यांच्या किटल्या वाहणारी राजदूत, या साऱ्यांच्या चाकांना तारा होत्या आणि रिंगांना चकाकी होती. १९८५ नंतर जपानी सहकार्याने आलेल्या शंभर सी.सी.च्या गाड्यांनीही ती रीत चालू ठेवली. पुढे ओतीव मिश्रधातूची चाके आली आणि पुढच्या चाकाला चकतीचा ब्रेक आला. तरी तारांचे चाक आणि ड्रमचा ब्रेक हे युगुल खेड्यांतून गेलेले नाही. जुन्या गाड्या हौसेने नव्यासारख्या करणाऱ्यांमुळे क्रोमकामाला तर नवी मागणी आली आहे.

क्रोमकामाला मराठीत कोणता शब्द आहे, हा प्रश्न वरवर सोपा दिसतो. शास्त्रीय परिभाषेत ‘विद्युत् विलेपन’ हा शब्द घडविला गेला. तो अर्थाने निर्दोष आहे, आणि बाजारात त्याचा कोणी उच्चार करीत नाही. बाजारात ‘क्रोम मारून आणणे’ किंवा ‘क्रोम चढविणे’ असे म्हणतात. त्याच्या मागे जुने शब्द उभे आहेत. ‘कल्हई’ हा अरबी ‘कलई’चा, म्हणजे कथिलवाचक शब्दाचा, मराठी अवतार, तांब्या-पितळेच्या भांड्यात अन्न कळकू नये म्हणून ती करीत, त्यामुळे त्या शब्दात संरक्षणाचा भाव आहे. ‘मुलामा’ हाही अरबीतून आला. त्यात चमक आहे, आणि मराठीत ‘वरवरचा मुलामा’ असे म्हटले की फसवणुकीची छटाही आहे. ‘पाणी चढविणे’ हा प्रयोग सोन्या-चांदीच्या कामातला. ‘पाणी’ शब्दाचा पसारा येथे मोठा आहे : मोत्याचे पाणी ते तेज, हत्याराला पाणी देणे म्हणजे तापवून विझवून कठीण करणे, आणि दागिन्यावर पाणी चढविणे म्हणजे पातळ थर देणे. क्रोमकाम खरोखरच द्रावणात बुडवून होत असल्यामुळे या शेवटच्या प्रयोगाचा अक्षरार्थही तेथे खरा ठरतो.

क्रोम ही कल्हई की मुलामा, असे विचारले तर उत्तर असे की क्रोम हा मुलामा आहे आणि त्याच्या खालचे निकेल ही कल्हई आहे. चकाकीच्या कामात वरचा क्रोमियमचा थर सामान्यतः पाव ते अर्धा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्याही निम्मा किंवा त्याहून कमी असतो. त्याखालचा निकेलचा थर वीस-तीस मायक्रॉनांचा, कधी त्याखाली तांब्याचाही थर. गंज अडविण्याचे काम मुख्यतः निकेल करते. क्रोम निळसर झाक देते, निकेलला काळे पडू देत नाही आणि ओरखडे सोसते. ज्या कारखान्यात निकेलची बचत होते तेथील क्रोम पहिल्या दिवशी तितकेच चकाकते आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड येऊन सुटू लागते.

हा थर चढण्यापूर्वी रिंगेला कशातून जावे लागते हे जोडणी करणाऱ्याने जाणले पाहिजे, कारण त्या प्रवासाच्या खुणा तिच्यासोबत परत येतात. जुने क्रोम आम्लात, अथवा दाहक सोड्याच्या द्रावणात उलटा प्रवाह देऊन काढतात. मग खड्डे घासून बफ मारतात, चिकटपणा घालवितात, आम्लात बुचकळतात, निकेलच्या व शेवटी क्रोमिक आम्लाच्या द्रावणात विजेचा प्रवाह देतात. (हे क्रोमिक आम्ल षट्संयुजी क्रोमियमचे असते. ते कर्करोगकारक आहे, आणि त्याचे सांडपाणी गावच्या ओढ्यात सोडण्याजोगे मुळीच नव्हे. चकाकीची ही किंमत राजूरच्या गिऱ्हाइकाला दिसत नाही, ती नाशिक-पुण्याकडच्या कारखान्यांतील कामगार देतो.) या द्रावणाला एक खोड आहे : उंचवट्यावर ते भरपूर चढते, खाचखळग्यांत फारसे शिरत नाही. म्हणून रिंगेच्या आतील वळणात आणि तारांच्या भोकांच्या कडांवर थर अपुरा राहतो. गंजाची सुरुवात तेथूनच होते.

यातून पहिला नियम निघतो : चाक सबंध पाठवू नये. हब ॲल्युमिनियमचा असेल, आणि बहुतेक गाड्यांत तो असतोच, तर तो आम्लातही विरघळतो आणि दाहक सोड्यातही. तारा काढून केवळ रिंग पाठवावी. हबला बफच पुरे. जुना पोलादी हब क्रोम करावयाचाच असेल, तर ड्रमचा आतला पृष्ठभाग आणि बेअरिंगच्या बैठका मेण, लाख किंवा घट्ट बुचे यांनी बंद कराव्या लागतात. ड्रमचा आतला भाग बिडाचा असतो. लायनरशी घर्षण करणे हेच त्याचे काम. त्यावर गुळगुळीत क्रोम चढले तर पकड बेभरवशाची होते, आणि तापून त्याचे पापुद्रे निघाले तर ते शू व ड्रम यांच्यामध्ये सापडतात.

हौशी मालक रिंगेबरोबर ब्रेकचे लहानसहान भागही पिशवीत घालून देतो. येथे घोटाळ्यास प्रारंभ होतो. कॅमची बाहेरची दांडी, ब्रेकचा रॉड, ब्रेक प्लेटची पट्टी यांना चकाकी दिली तर हरकत नाही. कॅमचा दांडा मात्र देऊ नये. तो आपल्या भोकात थोड्या शतांश मिलिमीटरांच्या मोकळिकीने फिरत असतो. पंचवीस मायक्रॉनांचा थर दोन्ही अंगांनी चढला की त्याचा व्यास पाच शतांश मिलिमीटरने वाढतो, आणि तेवढ्यानेच तो जाम बसतो. आट्यांची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. साठ अंशांच्या आट्यावर जेवढा थर चढतो त्याच्या सुमारे चौपटीने आट्याचा प्रभावी व्यास वाढतो. पंचवीस मायक्रॉनांचे एक दशांश मिलिमीटर होतात. मग नट शिरत नाही, पाना लांब घेतला जातो, आणि आटा मरतो. शूंना परत ओढणाऱ्या स्प्रिंगा तर कधीच देऊ नयेत. आम्लात आणि विजेच्या द्रावणात कठीण पोलाद हायड्रोजन शोषून घेते व ठिसूळ होते. थर चढविल्यानंतर लवकरच दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास भाजले तर तो हायड्रोजन बराचसा निघून जातो, परंतु ही भाजणी होते की नाही याची खात्री गिऱ्हाइकाला कोण देणार? अशी स्प्रिंग दिसावयास लखलखीत असते आणि एके दिवशी काही सूचना न देता तुटते.

रिंग परत आली की जोडणी सुरू होते, आणि येथूनच क्रियापदांकडे कान द्यावा.

प्रथम ती सोडा घातलेल्या पाण्याने, मग स्वच्छ पाण्याने धुवून भोकांतून व वळणांतून कोरडी करावी. आत राहिलेले आम्ल मागाहून नव्या ताराही खाते. मग तारा ओवून ‘आउट काढणे’. हा प्रयोग लक्षणीय आहे. ‘आउट’ हे इंग्रजीत विशेषण किंवा अव्यय. मराठी सायकल-दुकानाने त्याचे नाम केले आणि त्याला ‘काढणे’ हे क्रियापद लावून, काटा काढावा तसा चाकातून दोष उपटून टाकण्याची कल्पना उभी केली. बाजूचा आउट आणि उभा आउट असे त्याचे दोन प्रकार. कारखान्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत दोहोंची मर्यादा सामान्यतः दोन मिलिमीटर असते. तारा ओढताना एक धोका असतो : ओढ विषम झाली तर पातळ हब किंचित लांबट होतो आणि त्याच्याबरोबर ड्रमही. मग ब्रेक दाबला असता दांडी पायाखाली धडधडते. म्हणून ड्रम कातून घ्यावयाचा असेल तर तो तारा आवळल्यानंतर, चाक सबंध असताना कातावा. किती कातावे यालाही सीमा आहे. १३० मिलिमीटरच्या ड्रमवर १३१ ही कमाल मर्यादा ओतलेली आढळते.

आता ड्रम व शू. बफचा साबण, तेल, बोटांचा चिकटपणा, यांतले काहीही ड्रममध्ये राहता कामा नये. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, म्हणून त्यांची धूळ फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसावी. लायनर झिजून दोन मिलिमीटरवर आला असेल तर तो बदलण्याखेरीज मार्ग नाही. न बदलता तेच शू घालावयाचे असतील तर काढतानाच त्यांवर खूण केलेली असावी. कारण दोन्ही शू सारखेच दिसत असले तरी त्यांचे काम सारखे नसते. चाक ज्या दिशेने फिरते त्या दिशेला कॅमकडून खिळीकडे ज्या शूचा ओघ असतो, त्याला ड्रम स्वतःच आत ओढून घेतो; दुसऱ्याला तो मागे लोटतो. म्हणून पहिला अधिक झिजतो. अदलाबदल झाली तर दोन्ही आपापल्या जुन्या आकारामुळे थोड्याच जागी टेकतात.

दोन्ही शू स्प्रिंगांनी जोडून, उघड्या पुस्तकासारखे दुमडून, कॅम आणि खीळ यांवर चढवितात व दाबून सपाट करतात. कॅमला व खिळीला ग्रीस लावावयाचे ते उष्णता सोसणारे आणि बोटाच्या टोकाएवढेच. दुकानाची भाषा येथे थोडी अपुरी पडते, कारण दुकानात ‘ग्रीस मारतात’. बफ मारणे, क्रोम मारणे, ग्रीस मारणे, ब्रेक मारणे : या ‘मारणे’ला परिणाम सांगणारा जोडीदार नाही. ‘लावले पण लागले नाही’ म्हणता येते, तसे ‘मारले’च्या पुढे काही म्हणता येत नाही, परिणाम सांगावयाचा झाला तर दुसऱ्या घरचे क्रियापद आणावे लागते : क्रोम मारले ते ‘चढले’, ब्रेक मारला तो ‘लागला’. ‘मारणे’त जोर आहे, झटका आहे, पण मोजमाप नाही. आणि ग्रीस ही अशी वस्तू आहे की जास्त झालेले ग्रीस तापून ड्रमवर उडते आणि सारे काम पाण्यात घालविते. जुन्या बैलगाडीच्या भाषेत ‘वंगण घालणे’ होते; ते अधिक संयमी होते.

कॅमच्या दांड्यावर आणि बाहेरच्या दांडीवर टोचा मारलेल्या खुणा असतात, त्या जुळवाव्यात. एक दात चुकला तरी ब्रेक पूर्ण दाबलेल्या स्थितीत दांडी व रॉड यांच्यामधील कोन काटकोनाच्या फार पलीकडे जातो आणि पायाचा जोर वाया जातो.

यानंतर ब्रेक प्लेट ड्रममध्ये ठेवून आस घालावयाचा. याच ठिकाणी ‘शू बसविले, पण बसले नाहीत’ हे वाक्य उच्चारले जाते. ‘बसणे’ हे जुन्या मराठीतील ‘बैसणे’, मागे संस्कृतातील ‘उपविश्’पर्यंत जाणारे. त्याचा मराठीत जो विस्तार झाला आहे तो कोणाही कोशकाराला थकविणारा आहे. अंगरखा अंगाला बसतो, घडी बसते, जम बसतो, शिकाऊ पोराचा हात बसतो. या सर्वांत वस्तू आपल्या योग्य जागी स्वतःहून स्थिर झाल्याचा भाव आहे. पण घर बसते, आवाज बसतो, बॅटरी बसते, तेव्हा तोच स्थिरपणा निःसत्त्वतेचा होतो. एकाच ब्रेकसंबंधी ‘शू बसले’ ही सुवार्ता असते आणि ‘स्प्रिंग बसली’ ही दुर्वार्ता असते, आणि शिकाऊ मुलगा यात कधी गोंधळत नाही. ज्याला पसरून टेकावयाचे त्याने बसावे, ज्याला ताणून राहावयाचे त्याने बसू नये, हे ज्ञान त्याला वस्तूकडून मिळते आणि भाषा ते ज्ञान गृहीत धरते.

‘बसविणे’ आणि ‘बसणे’ यांतील अंतर गावगाड्याला नवीन नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ मधील ‘गावगाडा’ या ग्रंथाच्या नावातच ज्या गाड्याचे रूपक आहे, त्याचे चाक सुतार आणि लोहार मिळून उभे करीत. तुंबा, आरे व पुठ्ठे सुताराचे. लोखंडी धाव लोहाराची. धाव चाकापेक्षा किंचित लहान करून, गोवऱ्यांच्या विस्तवात लाल करून चाकावर चढवीत आणि लगेच पाणी ओतीत. धाव ‘बसविण्या’चे काम घणाच्या ठोक्यांनी होई, ती ‘बसे’ मात्र थंड होताना, आपल्या आकुंचनाने. ठोके संपल्यावर कारागीर थांबून पाही. मोटारसायकलच्या दुकानातील शब्द बदलले, तुंब्याचा हब झाला, आऱ्यांच्या तारा झाल्या, आस मात्र अजून कोठे कोठे आसच आहे. पण थांबून पाहण्याची ही वेळ क्रियापदांच्या जोडीने जशीच्या तशी पुढे आणली.

ब्रेकच्या बाबतीत ती वेळ अशी येते. शू प्लेटवर आहेत, प्लेट आसावर आहे, आणि आसाच्या भोवती थोडीशी मोकळीक आहे. प्लेट जरा एका अंगाला राहिली तर एक शू आधी टेकतो आणि दुसरा टेकतच नाही. म्हणून आसाचा नट हाताने येईल तितकाच आवळावा. चाक फिरवून ब्रेक जोराने दाबावा आणि दाबूनच धरावा. दोन्ही शू ड्रमला टेकले की ते प्लेटला स्वतःच ओढून मध्यावर आणतात. त्या स्थितीत, ब्रेक न सोडता, नट पूर्ण आवळावा. बसविणाऱ्याने येथे बसविणे थांबवून शूंना बसू द्यावयाचे असते. या एका पायरीला दुकानात स्वतंत्र नाव नाही, परिभाषाकोशातही नाव असण्याचे कारण नाही, आणि घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. गाळली तरी चाक फिरते, ब्रेक लागल्यासारखा वाटतो, आणि सपाट रस्त्यावर काहीच कळत नाही.

दुसरी पायरी नाव असूनही विसरली जाते. ब्रेक प्लेटला चौकटीशी बांधणारी पट्टी, किंवा पुढच्या चाकाला चिमट्यावरील उंचवटा ज्या खाचेत अडकतो ती खाच. शू ड्रमला धरतात तेव्हा ड्रम प्लेटला आपल्याबरोबर फिरवू पाहतो. तिला अडविणारी तेवढी ही पट्टीच. ती सुटली तर प्लेट गरकन फिरते, रॉड गुंडाळला जातो आणि चाक जागच्या जागी धरते. क्रोम करून आलेल्या पट्टीच्या भोकांत थर चढलेला असतो, बोल्ट शिरत नाही, ‘नंतर बघू’ म्हणून ती लोंबत ठेवली जाते. भोक कानसीने मोकळे करून, नट आवळून, त्यात नवी पिन घालून टोके वाकविल्यावाचून चाक जमिनीला टेकवू नये. जुनी पिन सरळ करून पुन्हा वापरणे ही काटकसर नव्हे.

मग ब्रेकची खेळ जुळविणे. मागच्या ब्रेकच्या दांडीला पुष्कळ गाड्यांत वीस ते तीस मिलिमीटर मोकळी चाल ठेवतात. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.पर्यंतच्या नव्या दुचाकींना, चाक अडकू न देणारी यंत्रणा नसेल तर, जोडब्रेक आवश्यक झाला आहे. तशा गाडीत पायाने पुढचाही ब्रेक ओढला जातो. तेव्हा एक चाक क्रोमला गेले असले तरी दोन्ही ब्रेकांची चाल तपासावी लागते. येथे मराठीने आणखी एक भेद राखला आहे. ‘मोकळे’ आणि ‘ढिले’ या दोन्ही शब्दांना कोशात ‘सैल’ हा एकच प्रतिशब्द देता येईल. दुकानात ते परस्परांविरुद्ध आहेत. चाक मोकळे फिरले पाहिजे, ढिले असता कामा नये. दांडीला मोकळी चाल हवी, ढिली दांडी नको. मोकळीक ही ठेवलेली असते, ढिलाई ही राहिलेली असते. त्याचप्रमाणे ‘घट्ट’ हे आवळल्याचे फळ, ‘जाम’ हा अपघात. आणि ‘ब्रेक लागतो’ हे गुणवर्णन असले तरी ‘ब्रेक लागून राहतो’ ही तक्रार आहे : शू सुटत नाहीत, ड्रम तापतो, इंधन जाते. फरक फक्त ‘ऊन राहणे’ या संयुक्त क्रियापदाचा. पण तो ऐकू न आल्यास दुरुस्ती उलट्या दिशेने होते.

परिभाषा घडविणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावयास हवा. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यावर मराठीत परिभाषेचे मोठे आणि आदरणीय काम झाले, आणि त्याची थट्टा करणे सोपे असल्यामुळे ती पुष्कळ झाली. थट्टेत तथ्य कमी आहे. ‘धारवा’ हा बेअरिंगसाठी केलेला शब्द सुटसुटीत आहे; तो रुजला नाही हा त्याचा दोष नव्हे. ‘गतिरोधक’ तर रुजला, परंतु चाकातल्या ब्रेकला सोडून रस्त्यावरच्या उंचवट्याला चिकटला. खरी उणीव वेगळीच आहे. परिभाषाकोश हे स्वभावतः नामांचे असतात आणि कारागिरीचे ज्ञान नामांत थोडे, क्रियापदांत फार असते. ‘ब्रेक शू’ला कोणता मराठी शब्द द्यावा यावर दोन मते होऊ शकतील, आणि कोणतेही मत स्वीकारले तरी ब्रेक तसाच लागेल. पण दुरुस्ती-पुस्तिकेच्या मराठी अनुवादात प्रत्येक पायरीला ‘फिट करा’ किंवा ‘स्थापित करा’ असे एकच क्रियापद आले, तर चढविणे, बसविणे, टेकविणे, आवळणे, जुळविणे यांतील भेद पुसला जातो, आणि त्याबरोबर कोणत्या पायरीनंतर थांबून पाहावयाचे हेही पुसले जाते. ज्या मुलाने हे काम वडीलधाऱ्या मिस्त्रीच्या शेजारी बसून न शिकता कागदावरून शिकावयाचे आहे, त्याला कागदाने हे भेद दिले पाहिजेत. औद्योगिक प्रशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकात नाम इंग्रजी ठेवले तरी चालेल. ‘आवळा’ आणि ‘दाबून धरून आवळा’ हे एक समजले गेलेले चालणार नाही.

जोडणी पुरी झाल्यावरही शू ‘बसावयाचे’ एकदा राहतातच. नवा लायनर किंवा कातलेला ड्रम प्रथम थोड्याच जागी टेकतात. सपाट रस्त्यावर, मंद वेगात, पुनःपुन्हा हलका ब्रेक लावून आणि मधे थंड होऊ देऊन त्यांना घासून बसू द्यावे लागते. पहिल्याच दिवशी लांब उतारावर दाबून धरल्यास लायनरचा पृष्ठभाग जळून काचेसारखा होतो, आणि मग कितीही लावला तरी तो लागत नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडला की ड्रममध्ये गेलेल्या पाण्यानेही हेच होते. तेव्हा चालता चालता ब्रेक हलका दाबून धरला म्हणजे उष्णतेने पाणी निघून जाते.

राजूरहून अकोल्याकडे निघालेल्याने विठा घाटाच्या माथ्यावर गाडी क्षणभर थांबवावी. तेथवर ब्रेक फारसा लावावा लागलेला नसतो, म्हणून हब थंडच असावयास पाहिजे. हाताची मागची बाजू हबजवळ नेऊन पाहावी. ऊब लागली नाही, चाक मोकळे फिरले आणि दांडी दाबल्यावर पाय एका जागी ठाम टेकला, तर खालच्या गिअरमध्ये गाडी उताराला लावावी. हब तापलेला लागला तर तेथेच पाना काढावा, आसाचा नट सैल करावा, आणि ब्रेक दाबून धरून जोडणी त्या पायरीपासून पुन्हा करावी.